डोक्यावरचं गुपित

"लिहा," शोधमहर्षी येरझाऱ्या घालत म्हणाले. "ज्याच्या नजरेतून लंगडणारी मुंगीही सुटत नाही, ज्याच्या नुसत्या खाकरण्याने सराईत गुन्हेगार घडाघडा बोलू लागतात, आणि ज्याच्या मेंदूला… मेंदूला काय शोभेल हो, मेहुणे?"

"विश्रांती," मेहुणा म्हणाला.

"ज्याच्या मेंदूला विश्रांती ठाऊक नाही! वा! लिहा."

मेहुण्याने मुकाट्याने लिहिलं. घरजावई असतो तसा तो या घरातला घरमेहुणा होता. सकाळी शाळेत चित्रकला शिकवायची आणि दुपारी भाऊजींच्या पराक्रमांची वही भरायची, हा बहिणीच्या घरी राहण्याचा न ठरलेला मोबदला होता. निवृत्तीनंतर स्वतःला शोधमहर्षी म्हणवून घेणाऱ्या या भाऊजींनी तीस वर्षं बस आगाराच्या 'हरवले-सापडले' खात्यात काढली होती. त्या काळात चार हजार छत्र्या त्यांच्या ताब्यात आल्या आणि एकही बाहेर जाऊ दिली नाही, असं ते छाती फुगवून सांगत. याचा अर्थ काय होतो, हे त्यांना समजावून सांगायचा मेहुण्याला कधी धीर झाला नाही.

दारात एक गृहस्थ उभे होते. अंगावर इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर दाट काळेभोर केस, चेहऱ्यावर मात्र रया गेलेली.

महर्षींनी भिंगातून त्यांची बोटं पाहिली. "तुम्ही सुतार आहात."

"नाही हो. कोपऱ्यावरचं सलून माझं. आठ वर्षं झाली, तुमच्या खिडकीतून दिसतं."

"तेच म्हणतोय मी. कापणारे. लिहा, मेहुणे, पहिल्याच फटक्यात ओळखलं."

सलूनवाल्याने दार लावून घेतलं, खिडकीही लावली. मग दोन्ही हात कानांमागे नेले आणि डोक्यावरचे सगळे केस अलगद उचलून टेबलावर ठेवले. खाली गुळगुळीत टक्कल होतं.

महर्षी ताडकन उठले. "बाप रे! केव्हा घडलं हे?"

"सहा वर्षांपूर्वी. विग आहे हा." खिडकी नीट लागलीय ना, ते त्याने पुन्हा पाहिलं. "माझ्या दुकानाची पाटी बघितलीत ना? 'केस गळतात? आम्हाला विचारा!' आणि खाली माझाच फोटो. गिऱ्हाईकं माझ्या डोक्याकडे बोट दाखवून सांगतात, असे करा म्हणून. हे बाहेर फुटलं तर दुकानाला टाळं लागेल. टकल्याकडून केसांचा सल्ला कोण घेणार?"

"मग फुटलं कसं?"

"तेच तर शोधायचंय! दहा दिवस झाले, अनोळखी फोन येतायत. माझे दोन्ही हात कुणाच्या तरी डोक्यात असतात, म्हणून मी फोन नेहमी स्पीकरवर घेतो. काल भरल्या दुकानात एक पोरगी विचारते, 'सर, टाळूला घाम येऊन डिंक सुटतो का? आमचा नवा डिंक वापरून बघा.' मी म्हटलं, राँग नंबर. तर ती म्हणते, 'नाही सर, साडेबावीस इंच डोकं तुमचंच ना?'"

मेहुण्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक, त्याच्या मानेवर वस्तरा, आणि वस्तरा धरणाऱ्याचं डोकं भर दुकानात मोजलं जातंय.

"गुपित कुणाकुणाला ठाऊक आहे?" महर्षींनी विचारलं.

"मला, बायकोला आणि विगच्या कंपनीला. कंपनीला मी हातापाया पडून सांगितलंय की काहीही पाठवाल ते कोऱ्या पाकिटातून पाठवा, वर तुमचं नाव नको." त्याने खिशातून एक कोरं, बंद पाकीट काढलं. "आणि हे बघा. तीन आठवड्यांपूर्वी आलं. तेव्हा जाहिरात समजून ड्रॉवरमध्ये टाकलं. फोन सुरू झाल्यावर वाटलं, धमकी असेल. उघडायला हात धजत नाही."

"उघडलं नाहीत? शाबास!" महर्षींनी चिमट्याने पाकीट उचललं, प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकलं आणि पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. "यावर ठसे आहेत. आता याला कुणीही हात लावायचा नाही."

पुढचा आठवडा मेहुण्याने वहीत नोंदवला तो असा.

पहिला संशय सलूनवाल्याच्या बायकोवर. महर्षींनी तिला खिंडीत गाठल्यासारखं भाजीच्या दुकानात गाठलं. "नवऱ्याच्या डोक्याबद्दल तुम्ही बाहेर काय बोलता?" ती म्हणाली, "त्यांना डोकं नाही, एवढंच." महर्षींनी लिहून घ्यायला लावलं, 'अर्धी कबुली.' त्या संध्याकाळी सलूनवाल्याच्या घरी काय झालं ते ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याचा डबा हॉटेलातून आला.

दुसरा संशय समोरच्या फुटपाथवरच्या दुसऱ्या सलूनवर. महर्षी वेष पालटून तिथे पाळत ठेवायला गेले. पहिल्या दिवशी दाढी करून आले, दुसऱ्या दिवशी केस कापून, तिसऱ्या दिवशी मालिश आणि कलप करून. चौथ्या दिवशी कापण्यासारखं काही उरलं नाही म्हणून पाळत उठवावी लागली.

मग त्यांना विगचाच संशय आला. आत ध्वनियंत्र लपवलं असणार! त्यांनी विग काचेच्या बरणीत नजरकैदेत ठेवला आणि दिवसभर त्याच्यासमोर बसून मुद्दाम खोट्या बातम्या बोलत राहिले. तेवढा दिवस सलूनवाला दुकान बंद करून घरात बसला. हा संशयही फोल निघाला, तेव्हा महर्षी गंभीर झाले आणि म्हणाले, यामागे आंतरराष्ट्रीय टोळी आहे. मेहुण्याला आता सलूनवाल्याच्या तोंडाकडे पाहवेना. आपण एका माणसाच्या पोटापाण्याशी खेळतोय असं त्याला मनापासून वाटायला लागलं.

शुक्रवारी दुपारी सलूनवाला चौकशीला आलेला असतानाच ताई कामावरून लवकर आली. ताई म्हणजे महर्षींची बायको. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बावीस वर्षं बसलेली. एरवी महर्षींच्या चौकशीच्या खोलीत ती फिरकत नसे; आज पर्स अडकवायला खिळ्याकडे गेली, तर खिळ्यावर पिशवी.

"अहो, हे काय लोंबतंय?"

"हात लावू नकोस! पुरावा आहे तो. ठसे आहेत."

"आत काय आहे?"

"ते उघडल्याशिवाय कसं कळणार?"

"मग उघडा ना."

"उघडलं तर ठसे पुसले जातील! तुला शास्त्र कळत नाही."

ताईने केसातली पिन काढली आणि पाकीट टर्रकन फोडलं. महर्षींनी डोळे मिटून घेतले. सलूनवाला कोपऱ्यातल्या स्टुलावर अंग चोरून बसला.

"कंपनीचं पत्र आहे," ताई म्हणाली आणि तांदूळ निवडावेत तशी वाचू लागली. "'आपण आमच्या कुटुंबातलेच आहात.' म्हणजे काहीतरी घाण करून ठेवलीय. 'आपली गोपनीयता आम्हाला प्राणाहून प्रिय आहे.' म्हणजे ती गेली. हं, हे बघा. 'कुणी अज्ञात व्यक्ती आमच्या संगणकात शिरल्याने ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर, डोक्याची मापं व चारही बाजूंनी काढलेले फोटो बाहेर गेले असण्याची शक्यता आहे. कृपया घाबरू नये.'"

"चारही बाजूंनी?" सलूनवाल्याने डोकं दोन्ही हातांनी झाकलं.

"म्हणजे माझा टोळीचा अंदाज…" महर्षी म्हणाले.

"अहो, कसली टोळी? काखेत कळसा नि गावाला वळसा! कंपनीने स्वतः लिहून कळवलंय आणि तुम्ही ते खिळ्याला टांगलंत." ताईने पान उलटलं. "झाल्या त्रासाबद्दल शाम्पूच्या दोन बाटल्या देतायत. सोबतच्या फॉर्मवर सही करायची."

"विगवाल्याला शाम्पू?" मेहुण्याला राहवलं नाही.

सलूनवाल्याने मात्र पेन काढलं होतं. "द्या इकडे. सही करून टाकतो. विषय तरी मिटेल."

ताईने फॉर्मवर तळहात ठेवला. "खालचं बारीक वाचलंत? बाटल्या घेतल्या की कंपनीविरुद्ध कधीच, कुठेच तक्रार करायची नाही. आणि तीस दिवसांत काहीच कळवलं नाही, तरी संमती आहे असं धरणार. पत्रावरच्या तारखेपासून आज तिसावा दिवस आहे."

महर्षी भिंग पुसत बसले.

"मला कुठे कायदा कळतो?" सलूनवाला म्हणाला.

"मला कळतो. लोक काय काय करू शकतात आणि ते त्यांनी करू नये म्हणून आम्ही काय काय करतो, हेच बावीस वर्षं बघतेय." ताईने खुर्ची ओढली. "कंपनीला पत्र टाका, माझं नेमकं काय काय गेलं ते लेखी द्या आणि उरलेलं पुसून टाका म्हणून. माहितीच्या रक्षणासाठी सरकारी कार्यालय असतं, तिथे तक्रार करा. ते कंपनीला दंड करतील, पण तुमच्या हाती काही येणार नाही. भरपाई हवी तर ग्राहक मंचात जा. तिथे वकील लागतोच असं नाही. आलेल्या फोनांची यादी आणि हे पत्र जपून ठेवा. हे गप्प बसण्याचं कलम तिथे बहुतेक टिकणार नाही. पण त्यावर वाद घालत वर्ष घालवण्यापेक्षा आजच मंचात हरकत नोंदवा. पाचला बंद होतं."

"मंचात नाव पुकारतात?"

"पुकारतात."

"कशाबद्दल तक्रार, तेही?"

"तेही."

सलूनवाला हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "म्हणजे गुपित फुटलं म्हणून दाद मागायची, आणि ती मागायला गुपित चारचौघांत सांगायचं. नको वहिनी. झाकली मूठ बरी."

ताईने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "एक सांगू? माझ्या खिडकीवर जो चिडून येतो ना, त्याची आम्हाला भीती नसते. तो ओरडतो आणि जातो. आमचा खरा आधार लाजणारा माणूस. त्याला एकदा म्हटलं, 'जरा मोठ्याने बोला, काय तक्रार आहे?' की तो परत येत नाही. बावीस वर्षं मी असे किती परत पाठवले असतील! त्याची मला लाज वाटते. तुम्ही नका परत जाऊ."

बाहेर रिक्षा थांबवायला मेहुणा धावला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मंचाच्या कार्यालयात लांबलचक व्हरांडा होता आणि बाकांवर अकरा-बारा पुरुष बसले होते. कुणी वर्तमानपत्रात तोंड खुपसलेलं, कुणी कानटोपी घातलेला, कुणी छताच्या पंख्याकडे एकटक बघणारा. माणूस शेवटच्या दिवसाशिवाय कुठल्या कार्यालयात जात नाही, हे खरंच.

"टोळी!" महर्षी मेहुण्याच्या कानाशी कुजबुजले. ताईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

आतून कारकून बाहेर आला. "विग कंपनीविरुद्ध कोण कोण आहे?"

वर्तमानपत्रं आणखी वर गेली.

"कुणी नाही? मग मी खिडकी लावतो."

सलूनवाल्याने ताईकडे पाहिलं नाही, महर्षींकडे तर नाहीच. तो त्या बाकांकडे बघत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि ती नजर धंद्यातली होती. तो उठला.

"मी आहे," तो म्हणाला. मग शेजारच्याला म्हणाला, "तुम्हीही उठा, साहेब. उठताना मानेजवळचा डावा कोपरा धरा, सुटलाय. आणि तुम्ही, कडेचे. रंग एक छटा जास्त गडद घेतलात. घाबरू नका, जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही."

डावा कोपरा धरून शेजारचा उठला. मग कडेचा. मग एकेक वर्तमानपत्र खाली आलं. कारकुनाने मान हलवली. "एवढे सगळे? मग एकत्रच तक्रार करा की. सुनावणी एकच होईल." त्याने कागद ओढला. "तक्रारदार क्रमांक एक. व्यवसाय?"

"केस कापतो."

रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळेच हसले, सलूनवालाही हसला.

"काय नुकसान झालं ते थोडक्यात सांगा," कारकून म्हणाला.

सलूनवाल्याचं हसू विरलं. मेहुण्याने वही उघडली होती, पण पेन हातातच राहिलं.

"माझ्या दुकानात तीन भिंतींना आरसे आहेत," सलूनवाला म्हणाला. "फोन सुरू झाल्यापासून मी त्यांतल्या एकातही बघितलं नाही. हे लिहा. आणि जरा मोठ्याने वाचून दाखवा."