सासऱ्यांसाठी मागवलेली मूठ

वस्तू निवडावी कशी, हे कुणीही माझ्याकडून शिकावं! स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते निघेल म्हणून वाट बघता बघता माझे केस पिकले. कंगवा असो की कपाट, मी दुकानात शिरलो की त्या दुकानदाराचा तो दिवस माझ्या नावे जमा! वस्तू उलटी करून बघतो, सुलटी करून बघतो, हुंगतो, कानाशी धरून वाजवून बघतो.

"कपाट कानाशी कसं धरता हो?" आमच्या सौभाग्यवती विचारतात.

कपाट कानाशी नाही धरत, कान कपाटाशी धरतो. एवढं साधं आहे. पण ज्याला समजून घ्यायचंच नाही, त्याच्यापुढे वाचा तरी किती झिजवणार!

तर सांगायची गोष्ट सासऱ्यांच्या दाढीची. (कीर्तनात बुवाही मूळ विषयाला असेच वळसा घालून येतात, आणि मी त्यांच्या पायाशी बसून वाढलेला माणूस. चालवून घ्या.)

सासऱ्यांना सगळं जग हेडसर म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. आयुष्यभर त्यांनी शाळा चालवली. निवृत्त झाल्यापासून आमचं घर चालवतात. भाषेचे मास्तर! त्यांच्यासमोर परका शब्द काढायची सोय नाही. 'हँडल' म्हणालात की चष्म्यावरून अशी नजर येते की शब्द आपोआप गिळला जातो. त्यामुळे आमच्या घरात हँडलला मूठ म्हणतात, ब्लेडला पातं म्हणतात आणि रेझरला दाढीचं यंत्र. सवयच लागलीय म्हणा ना! आणि याच सवयीनं माझा घात केला.

हेडसरांच्या चेहऱ्यावर मुख्य वस्तू म्हणजे मिशी. मिशी कसली, संस्थाच ती! दोन्ही टोकं अशी वर गेलेली की पाहुण्यांनी टोप्या अडकवाव्यात. बाकी चेहरा रोज सकाळी चकचकीत. पण मध्यंतरी मोठं आजारपण झालं आणि हात थरथरायला लागला. दाढी थांबली. न्हाव्याला घरी बोलावतो म्हटलं, तर म्हणाले, "दुसऱ्याच्या हातात मी माझा गळा देणार नाही." झालं! गालांवर पांढरे खुंट उभे राहिले आणि हेडसर खोलीतून बाहेर यायचेच बंद झाले.

तेवढ्यात आलं शाळेचं बोलावणं. रविवारी सत्कार! जुने विद्यार्थी गावोगावहून येणार. हेडसरांनी पत्र वाचलं, गालावरून हात फिरवला आणि पत्र उशीखाली ठेवून दिलं.

"या तोंडानं मी जाणार नाही."

रात्री बायको डोळे पुसत म्हणाली, "अहो, त्या शाळेशिवाय बाबांना दुसरं काय आहे? या रविवारी गेले नाहीत तर ते पुन्हा कधी उंबरा ओलांडायचे नाहीत."

मी मनात म्हटलं, भिऊ नकोस! तुझा नवरा वस्तू निवडतो! मात्र उघडपणे बोललो नाही. हेडसरांना आधी कळलं असतं तर 'कुणाचे उपकार नकोत' म्हणाले असते, आणि बायकोला कळलं असतं तर तिनं मला दुकानात जाऊच दिलं नसतं.

दाढीच्या सामानाचं दुकान शोधून काढलं. दुकानदाराची स्वतःची दाढी बेंबीपर्यंत!

"हे काय हो?" मी विचारलं.

"दिवसभर हेच बघतो साहेब. घरी गेल्यावर पुन्हा तेच कोण करणार!"

माणूस मात्र जाणकार. त्यानं एकधारी यंत्र काढून दाखवलं. दुधारी पातं म्हणजे चहाडखोर माणूस, इकडेही कापतो आणि तिकडेही! एकधारीचं तसं नाही. एका कडेला धार, दुसऱ्या कडेला जाड कणा, आणि अंगानं ताठ. थरथरत्या हाताला हेच बरं. निदान शत्रू कुठल्या बाजूला आहे ते कळतं!

निरनिराळ्या कंपन्यांची पाती आणि वापरून बघायला म्हणून एक हलकी मूठ घेऊन मी घरी आलो आणि न्हाणीघरात परीक्षा घेतली. डाव्या गालाला एक पातं, उजव्याला दुसरं, हनुवटीला तिसरं. डावा गाल लोण्यासारखा झाला. उजवा नांगरल्यासारखा. हनुवटीनं रक्तदान केलं! शिवाय ती हलकी मूठ साबणाच्या हातातून माशासारखी सुळकन निसटायची. म्हणजे डाव्या गालाचं पातं पक्कं. मूठ मात्र जड हवी, भरीव, पितळी, खाचा पाडलेली. ती दुकानात नव्हती, मागवावी लागणार होती. म्हणून मी मागच्या गॅलरीत जाऊन, आवाज बारीक करून, दुकानदाराला फोन लावला.

आता त्याच गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरीमागे, आत्या उभ्या होत्या हे मला काय ठाऊक! आत्या म्हणजे हेडसरांच्या धाकट्या बहीण, सत्कारासाठी खास आलेल्या. त्यांच्या कानावर पडलं ते असं:

"हो, मूठच! सासऱ्यांसाठी... जड पाठवा. हलकी मूठ त्यांच्यावर चालायची नाही... छे छे, त्यांना पत्ताच लागू दिलेला नाही! बायकोलाही नाही... माझ्यावर करून बघितली ना. रक्त आलं थोडं, पण गुण आहे!... गळ्यापाशी एकदाच फिरली पाहिजे, बस... रविवारच्या आत काम तमाम व्हायला हवं!... हो, त्यांच्याच नावानं बांधा."

फोन ठेवून मी शीळ घातली. चादरीमागे काहीतरी धपकन पडलं. मांजर असेल म्हटलं.

मांजर नव्हतं. आत्या होत्या. त्या तशाच धावत स्वयंपाकघरात गेल्या. (हे सगळं मला मागाहून कळलं.)

"अगं, तुझा नवरा दादावर मूठ मारतोय!"

"काय?"

"मूठ गं, मूठ! मांत्रिकाकडून मागवलीय. जड! लांब बसून मंत्र टाकायचा आणि इकडे माणूस आडवा!"

"काहीतरीच काय आत्या! ह्यांना साधी माशी मारता येत नाही, मूठ काय मारतील?"

"मग हनुवटीला पट्टी कसली? स्वतःवर करून बघितली म्हणाला! रक्त आलं म्हणाला!"

इथं मात्र बायकोच्या हातातलं लाटणं थांबलं.

त्या दिवसापासून घराचं वारंच फिरलं. मी हेडसरांच्या खोलीकडे निघालो की आत्या दारात आडव्या. मी चहा नेला तर आत्यांनी आधी स्वतः घोट घेतला, डोळे मिटून जरा वेळ थांबल्या, जिवंत आहोत अशी खात्री पटल्यावरच कप आत गेला.

"आत्या, साखर बरोबर आहे का?" मी भाबडेपणानं विचारलं.

"जावईबापू, वरती सगळ्याचा हिशोब होतो हो!"

साखर जास्त झाली असावी, असा मी अर्थ घेतला.

शनिवारी सकाळी मेहुणा येऊन थडकला. तो व्यायामशाळा चालवतो. देवानं त्याची बुद्धी दंडांत साठवलेली आहे. आल्या आल्या त्यानं बापाची बॅग भरायला घेतली.

"बाबांना मी घेऊन चाललो. आत्ताच्या आत्ता!"

"अरे, पण उद्या सत्कार!" मी न्हाणीघरातून ओरडलो.

"सत्कार? भाऊजी, जीव राहिला तर सत्कार!"

हेडसर खोलीत कॉटवर बसून होते. "मला काय, कुठंही न्या. तोंड लपवायला सगळ्या जागा सारख्याच," म्हणाले. मूठ अजून आली नव्हती, आणि म्हातारा चालला!

एवढ्यात घंटी वाजली. आत्यांनी दार उघडलं. दारात बेंबीपर्यंत दाढीचा, तांबारलेल्या डोळ्यांचा उंच माणूस! दुकानदार बिचारा सामान घेऊन स्वतः आला होता.

"हेडसर इथंच राहतात ना? त्यांच्या नावची मूठ आणलीय."

आत्यांची किंकाळी अशी उठली की खालच्या मजल्यावरच्यांनी दारं लावून घेतली!

"घाबरू नका आजी! पुष्कळ लोकांवर चाललेली मूठ आहे ही."

"आणि ते लोक?"

"खूश आहेत! पुन्हा पुन्हा येतात माझ्याकडे."

"पुन्हा येतात?" आत्या भिंतीला टेकल्या. "मेल्यावरसुद्धा?"

मेहुण्यानं दुकानदाराला दाढीसकट उचललं. मी तोंडभर फेस आणि हातात पातं अशा थाटात बाहेर धावलो. परिस्थिती निवळेल असं माझं ते रूप नव्हतं!

"भाऊजी, हत्यार खाली ठेवा!"

"अरे, दाढीचं आहे ते!"

"ह्याची दाढी कापायला आलात? मग तुम्ही दोघं मिळालेले नाहीत?"

"मिळालेलेच आहोत! म्हणजे तसे नाही! अरे, मूठ म्हणजे हँडल, हँडल!"

'हँडल' हा शब्द त्या घरात किती वर्षांनी उमटला कोण जाणे. दुकानदाराच्या हातातलं पुडकं खाली पडलं आणि हेडसरांच्या पायाशी गडगडत गेलं. ते खोलीच्या दारात येऊन उभे होते.

"दादा, शिवू नकोस!" आत्या ओरडल्या.

हेडसरांनी पुडकं उचललं. थरथरत्या बोटांनी दोरा सोडला. आतून पिवळीधमक पितळी मूठ निघाली. त्यांनी ती तळहातावर तोलली, खाचांवरून अंगठा फिरवला.

"मूठ," ते हळूच म्हणाले. "ओंजळीच्या निम्मी ती मूठ, तलवारीची मूठ, बंद हाताची मूठ. इतके अर्थ सोडून तुम्हाला नेमका तोच सुचावा!" मग माझ्याकडे वळले. "माझ्यासाठी आणलीत?"

"हो. जड असली की हात स्थिर राहतो म्हणतात."

त्यांनी मुठीभोवती बोटं मिटली.

"पाणी गरम करा."

मेहुण्यानं दुकानदाराला खाली ठेवलं, वर त्याची दाढीही नीट करून दिली. सगळे न्हाणीघराच्या दाराशी दाटीवाटीनं उभे राहिलो. हेडसरांनी फेस लावला, पातं बसवलं, मूठ धरली. आणि काय सांगू! थरथर त्या वजनाखाली अशी दबली, जशी मास्तर वर्गात शिरताच कुजबुज दबते. कर्र... कर्र... डावा गाल निघाला. उजवा निघाला. गळा, हनुवटी! कुठं ओरखडा नाही! फेसाखालून आमचे जुने हेडसर उजळत बाहेर येत होते. बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ओठाच्या कडेचा शेवटचा हात राहिला होता...

आणि इथं माझा ताबा सुटला. कीर्तनात बुवांनी वरचा सूर लावला की मांडीवर थाप मारून दाद द्यायची माझी जन्माची खोड!

"वाऽऽहवा!" फाडकन थाप!

हेडसर दचकले. मूठ वर गेली. आणि अर्धी संस्था पाण्यात पडली!

मग आत्यांचा आवाज:

"लागली! बघा, मूठ लागली! मी आधीपासून सांगत होते!"

मेहुण्यानं बाह्या सरसावल्या. बायको माझ्याकडे बघेना. हेडसरांनी आरशात बघितलं. एकीकडे टोक आकाशात, दुसरीकडे सपाट माळ!

"अर्धविरामावर वाक्य संपवत नाहीत," ते म्हणाले. उरलेली मिशीही उतरवली, तोंड पुसलं, खोलीत गेले आणि आतून कडी घातली.

उरलेला दिवस घरात माझ्याशी बोललं ते फक्त घड्याळ. जेवणाचं ताट दाराशी ठेवलं, तेवढं आत गेलं. संपलं, मी म्हटलं. खुंट परवडले असते. ज्या रविवारसाठी एवढा आटापिटा केला तो मीच एका थापेनं घालवला!

रविवारी सकाळी कडी निघाली. हेडसर कोट घालून बाहेर आले. गाल पुन्हा ताजे घोटलेले.

"चला."

"या तोंडानं?" माझ्या तोंडून निसटलंच.

"दुसरं आहे का?"

शाळेच्या सभागृहात हेडसरांचं भलंमोठं चित्र लावलेलं, चित्रात मुख्यतः मिशीच. दारातल्या कार्यकर्त्यानं हेडसरांकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "काका, पालकांची सोय मागे आहे हं." हेडसर शेवटच्या रांगेत जाऊन बसले. आम्ही शेजारी.

वेळ झाली, वेळ टळली. व्यासपीठावरून घोषणा झाली, "हेडसर अद्याप पोचलेले नाहीत. आपण थोडं थांबू." मला राहवेना. मी उठून ओरडलो, "अहो, हे काय, हे बसलेत हेडसर!"

सगळ्या माना वळल्या. चित्राकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. पुढच्या रांगेतला एक टकल्या गृहस्थ म्हणाला, "काय राव! आमच्या सरांना आम्ही ओळखत नाही होय? त्यांची मिशी ही एवढी!"

"मिशी मी उडवली!" मी छाती पुढे काढून सांगितलं. हशा, शिट्ट्या, कल्लोळ! "बाहेर काढा यांना!" "कोण आहे हा?" कार्यकर्ते धावत आले. एकानं माझा दंड धरला, दुसऱ्यानं हेडसरांच्या कोपराला हात घातला.

हेडसर उठले.

"हाताची घडी!"

इतकंच. सभागृहात टाचणी पडली असती तर दणका वाटला असता. तो टकल्या, डॉक्टर, इंजिनिअर, आजी झालेल्या बायका, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, सगळे हाताची घडी घालून ताठ बसलेले! घोषणा करणाऱ्यानं तर बगलेत ध्वनिक्षेपक दाबून घडी घातली. आणि त्या शांततेत कुणीतरी हुंदका दिला, "सर!"

हेडसर मधल्या वाटेनं चालत निघाले. लोक रडत होते. डोळे पुसायला मात्र कुणाची घडी सोडायची छाती नव्हती. व्यासपीठावर चढून त्यांनी सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली. मी एकटाच उभा होतो, ऊर भरून आलेला. आता म्हणणार, हे माझे जावई!

"मघाशी आरडाओरडा केला ते तुम्हीच ना?"

"हो सर!"

"बाहेर उभे राहा."

उरलेला सत्कार मी व्हरांड्यात काढला. दार जाड होतं. आतून कधी हशा यायचा, कधी टाळ्या. एकदा तर छप्पर उडेल एवढ्या टाळ्या पडल्या आणि बायको धावत बाहेर आली, चेहरा नुसता फुललेला.

"अहो, बाबांनी सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं!"

"खरं? काय म्हणाले?"

"ते टाळ्यांत ऐकू नाही आलं."