वेंडेलशी बोलायचं कुणी?

वेंडेल ओस्ट्रँडरनं पहिल्यापासून चेंडू टाकत सामना सुरू करायचा की त्याला शेवटी आणायचं, या एका प्रश्नावर केलर्सबर्गच्या बेसबॉल क्लबात सगळा उन्हाळा डोकेफोड चालली होती. पोरगं वीस वर्षांचं, हात सोन्याचा. नऊ डावांतले पहिले तीन समोरच्यांना चेंडू दिसायचासुद्धा नाही. आणि चौथ्यात तोच पिचर असा काही कोसळायचा, की प्रेक्षक हॉटडॉग बाजूला ठेवून डोकं धरायचे. पिचिंग कोच नेस्टर किरोगा बिचारा दर वेळी तिसरा डाव संपला की त्याच्या शेजारी बसून कोपर, खांदा, टाच, श्वास सगळं बारकाईनं समजावून सांगायचा. तरी व्हायचं ते व्हायचंच.

"दमच नाही त्याच्यात," नेस्टर म्हणाला. "बुलपेनमध्ये पाठवू. शेवटी एखादा डाव टाकेल, सुखात राहील."

"सुखात? अरे, रडेल तो!" मॅनेजर हार्लन स्टब्ज म्हणाला. खोटं नव्हतं ते. कुंपणाजवळच्या त्या बुलपेनमध्ये राखीव पिचर म्हणून एकदा बसलेला माणूस पुन्हा सामना सुरू करताना आमच्याकडे कुणी पाहिलेला नाही. आणि वेंडेलला तर लहानपणापासून तेवढं एकच करायचं होतं.

शेवटी ठरलं. शनिवारी तीन डाव वेंडेलचे, चौथ्याला लायल नावाचा राखीव गडी येईल, आणि तिथल्या तिथे वेंडेलला सांगून टाकायचं, की बाबा, यापुढे तुझा मुक्काम बुलपेनमध्ये.

शनिवारी तीन डाव झाले, आणि समोरच्यांना एकही हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठणं, मिळाली नाही.

आता आली का पंचाईत! पिचरनं एकही हिट दिलेली नसेल तर त्याच्याशी बोलायचं नाही, शेजारी बसायचं नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण मोडायची छातीही कुणाची नाही. बोललात की हिट बसलीच म्हणून समजा. बघता बघता बाकावर वेंडेलच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी झाली.

"जा, सांग त्याला," हार्लन कुजबुजला.

"मी? वेड लागलंय का? मॅनेजर तू, तू सांग!"

"माझी बायको वर बसलीये. घरात घ्यायची नाही मला."

"मग न सांगताच काढू."

"आणि त्यानं 'का' म्हणून विचारलं तर? उत्तर कोण देणार, तुझा काका?"

तेवढ्यात वेंडेलच म्हणाला, "कोच, हाही डाव मीच टाकू ना?"

नेस्टरनं भिंतीकडे तोंड फिरवलं. हार्लन चांगली बांधलेली बुटाची नाडी सोडून परत बांधू लागला. वेंडेलनं थोडी वाट पाहिली, टोपी सारखी केली आणि गेला टाकायला.

चौथा डाव गेला, पाचवाही गेला. बुलपेनमधून फोन आला. "मी तयार आहे," लायल म्हणाला.

"तयारच राहा," हार्लन म्हणाला.

सहाव्यात पुन्हा फोन. "अजून तयारच राहू? कधीचा हात फिरवतोय मी!"

"मग काय झोपतोस? फिरव!"

पण हार्लनला चैन पडेना. "नेस्टर, आज हा टिकला कसा? काय खाल्लंय यानं?"

"रोजचंच. पीनट बटर सँडविच."

"झोप झाली असेल चांगली?"

"लायल बसमध्ये घोरत असताना? कुणाची झोप होतेय!"

"बूट नवे आहेत का?"

"तेच. फाटके."

आठव्या डावात एक मरतुकडा लोळता चेंडू दोन खेळाडूंच्या मधून निसटला. हिट! सगळं स्टेडियम हळहळलं. नेस्टरला मात्र कोण आनंद झाला! पाच डाव तोंड दाबून बसलेला माणूस, धावतच मैदानात गेला आणि कोपर, खांदा, टाच, श्वास सगळं एका दमात ओतून आला. येऊन बसतो न बसतो, तोच वेंडेलचा पुढचा चेंडू थेट कुंपणापार! दोघं धावून आले आणि आमची तीन धावांची आघाडी एकवर आली.

हार्लनचा शेंगदाणा तोंडाशीच राहिला. "काय सांगितलंस त्याला?"

"तेच, नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे... तिसऱ्या डावानंतर सांगतोस ते?"

"हो. का रे?"

फोन वाजला. "साहेब, माझा हातच वर जात नाहीये हो," लायल कण्हत होता.

"थांब, वेंडेलला एकच गोष्ट सांगायची राहिली!" म्हणत नेस्टर उठला. हार्लननं मागून त्याचा पट्टा धरला आणि त्याला खाली आपटलं. वेंडेलनं डगआउटमधल्या आमच्या बाकाकडे पाहिलं. कुणी येत नाही अशी खात्री झाल्यावर त्यानं मोठ्ठा श्वास सोडला आणि उरलेले सगळे गडी कापून काढले.

सामना जिंकल्यावर हार्लननं त्याला जवळ बोलावलं. "पुढचा सामना तूच सुरू करायचा. त्याच्या पुढचाही." वेंडेल हसला, मग ढसाढसा रडला, आणि लाजलाही नाही.

नेस्टर जरा घुश्श्यातच होता. "म्हणजे बुलपेनमध्ये कुणीच जायचं नाही तर?"

"जायचं ना! तू. हा टाकत असेल त्या दिवशी तू तिथे बसायचं."

"मी? अरे, तिथून बोंबललो तरी त्याला एक शब्द ऐकू जाणार नाही!"

"खरंच जात नाही," हार्लन म्हणाला. "आत्ताच लायलला तिथे उभं करून ओरडायला लावलं होतं मी."