आधी डोळे मोजा

राऊतकाकांकडे गेलेल्या माणसाला पाण्याआधी भिंग मिळते. जेसल पार्कमधील आमच्या इमारतीत त्यांचे दार माझ्या दारासमोर असल्याने हा मान माझ्या वाट्याला वरचेवर येतो. "आधी डोळे मोजा," ते म्हणतात. "आठ भरले, की बसा."

हे डोळे उड्या मारणाऱ्या कोळ्याचे. न्यायालयाच्या अभिलेख कक्षातली नोकरी संपवून काकांनी अशा कोळ्यांच्या एकाच प्रजातीतल्या जातींचे वर्गीकरण हाती घेतले. समोर दोन मोठे डोळे, त्यांच्या बाजूंना दोन लहान, उरलेले चार मागे डोक्यावर. ही मांडणी त्यांना स्वतःच्या फोन नंबरपेक्षा पक्की पाठ आहे. शेजारच्या भाभींनी एकदा सुचवले, "काका, मकडी है तो झाडू मारो ना." काका दुखावले. "भाभी, ये जाला नहीं बनाती. ये देखती है."

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सापडलेली एक मादी मात्र कोणत्याच ज्ञात जातीत बसेना. ओळखीचे एक प्राध्यापक फोटो पाहून म्हणाले, जाती नवी असावी, नाव तुमच्यावरूनच ठेवू. फक्त मादी पूर्ण वाढली, की अल्कोहोलच्या बाटलीत घालून तिची चिरफाड करावी लागेल; त्यावाचून जाती ठरत नाही. काकांनी तिच्या डबीवर लिहिले, 'जाती : नोंद अपूर्ण'. गेल्या आठवड्यात तिने शेवटची कात टाकली, तेव्हा मला पेढा मिळाला. "वयात आली," काका म्हणाले.

रविवारी प्राध्यापक बाटली घेऊन आले. काकांनी डबी दोन्ही हातांत घट्ट धरली होती.

"सर, तुम्हाला उगाच फेरी पडली. अजून एक कात बाकी आहे."

"फोनवर तर पूर्ण वाढली म्हणालात."

"मोजण्यात चूक झाली."

आयुष्यात एकही फाइल न हरवलेला मनुष्य हे बोलत होता. प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. "मला त्यातले काही कळत नाही," मी पुटपुटलो. माझ्या भिडस्तपणाचा कोणाला उपयोग झाल्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग.

ते गेल्यावर काकांनी डबी खिडकीत ठेवली. "भाजी घेऊन आलो ना, की ही सबंध वळून बघते," ते म्हणाले. "बेल कोणासाठी वाजवू? लॅचनेच उघडतो मी."

त्या दिवशी मी डोळे मोजले नाहीत.

हल्ली समोरच्या लॅचचा आवाज आला, की मी माझे दार किंचित उघडतो. विचारायला काही सुचत नाही. भाजी कोणती आणली, एवढेच विचारतो.

काल काका सबंध वळले. "भेंडी," म्हणाले.