मेश्राम काकांचे पांढरे पट्टे

आमचे शेजारी मेश्राम काका रस्ता ओलांडताना मधोमध थांबतात. पांढऱ्या पट्ट्यांवर उभं राहून मोबाईलमध्ये काहीतरी टिपत राहतात. ट्रकवाला हॉर्न वाजवून थकतो. काका मान वर न करता म्हणतात, "थांब ना बे, नकाशाचं काम सुरू हाये!"

काका विजेच्या खात्यातले निवृत्त लाईनमन. इंटरनेटवर एक नकाशा आहे, कोणीही दुरुस्त करावा असा. त्यात भंडारा जिल्ह्यातले रस्ता ओलांडायचे पट्टे भरायचे, हे त्यांनी स्वतःच अंगावर घेतलेलं काम. काकू म्हणतात, "खांबावरून उतरले अन् रस्त्यावर आले."

काकांचा नियम एकच: "दिसन तेच मांडाचं." कुणीतरी घरबसल्या तुमसरच्या एका चौकात पट्टा काढला, तोही रस्त्याला न जोडता. काका बसने तुमसरला जाऊन पट्टा खरंच आहे याची खात्री करून आले. मला स्क्रीन दाखवत म्हणाले, "पाहा मास्तर, रेघ हवेत लटकून राहिली! तार जोडलीच नाही तं बल्ब पेटन काय?"

मी तेव्हा शेजारी नवीनच होतो. म्हटलं, "काका, आमच्या शाळेसमोरही एक पट्टा काढा. नकाशात तरी."

काका भडकले. "रंग नाही तं पट्टा नाही! ज्याले दिसत नाही, तो भरोशानं पाय टाकन. मंग?"

आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण ते आठही दिवस शाळेसमोर पट्टा रंगवा असा अर्ज घेऊन नगरपालिकेच्या साहेबांच्या दारात बसले. शेवटी रंगवाले आले. रंग वाळायच्या आत पट्टा नकाशात चढला, आणि काकांनी मला चहाला बोलावलं.

मागच्या महिन्यात काका बसस्टँडवर पानटपरीआड लपलेले दिसले. मी हाक मारणार, तोच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. नागपूरच्या बसमधून एक मुलगी उतरली. हातात पांढरी काठी, कानात इअरफोन.

"माही पोरगी, रेखा," काका कुजबुजले. "ब्यांकेत हाये. पहिल्यांदा एकटी येऊन राहिली. घ्याले येऊ नका म्हणाली."

फोन तिला त्याच नकाशावरून रस्ता सांगत होता. ती बरोबर पट्ट्यापाशी थांबली, काठी पुढे केली. गाड्या थांबल्या. ती निघाली. दहा पावलं मागे काका.

पलीकडे पोचल्यावर ती मागे न वळताच हसली.

"बाबा, लपाचंच होतं तं चपला हातात घ्याच्या होत्या. या आता, ब्याग घ्या."