सर, लाईट गेली!

"माउसले हात लावीन तं नावाचा नागसेन नाही!" असं नागसेन मलकापुरात सगळ्यांना छातीठोक सांगायचा. प्रोग्राम लिहायच्या एडिटरमध्ये त्याने प्रत्येक कामाला एकेक बटण नेमलं होतं. त्यातलं एफ-नाइन म्हणजे जीव की प्राण! ते दाबलं की काम सेव्ह व्हायचं आणि पुण्याच्या ऑफिसातल्या साहेबांना, शालिग्राम सरांना निरोप जायचा, 'सर, लाईट गेली.' भारनियमनाच्या काळात हे बटण केलं होतं. आता लाईट क्वचितच जायची, पण नागसेनला चहा लागायचा, डुलकी लागायची, बाजारात चक्कर मारावीशी वाटायची. मग दाबलं एफ-नाइन! निरोप जायला लॅपटॉपची बॅटरी आणि मोबाइलचं नेट होतंच!

आज सर त्याचं काम बघणार होते. पसंत पडलं तर कायमचं घरून काम, नाहीतर पुण्याच्या ऑफिसात खुर्ची.

म्हणून सकाळीच पठ्ठ्याने ढीगभर फाइली एका दमात सुधारणारं मॅक्रो बनवायला घेतलं. आपण एका फाइलवर करून दाखवायचं, बाकीच्यांवर मशीन तस्संच करतं. पहिली फाइल संपत आली, तेवढ्यात बायकोची, मयुरीची हाक आली, "अहो, चाय झाली!"

झालं! चहा म्हटलं की बोट एफ-नाइनवर. मशीनने तेही इमानदारीने शिकून घेतलं.

व्हिडिओवर मीटिंग सुरू झाली. "आता बघाच सर, एकच बटण!" नागसेनने ऐटीत बटण दाबलं. फाइली भराभर सुधारू लागल्या. सर म्हणाले, "वा!"

आणि सरांचा फोन वाजला. टिंग! पुन्हा टिंग! मग टिंगटिंगटिंग!

"नागसेन, लाईट गेली म्हणताय? मागे पंखा गरगर फिरतोय की!"

नागसेनच्या तोंडचं पाणीच पळालं. "इन्... इन्व्हर्टर आहे सर!"

"इन्व्हर्टर?" खोलीत आलेल्या त्याच्या आईने, सिंधूताईंनी डोळे मोठे केले. "आपल्या घरी? कवा आणलं रे?"

नागसेनने आईला डोळ्यांनी पंख्याकडे खुणावलं. माउलीच ती, लेकाची अडचण तिने ओळखली! तरातरा बाहेर गेली. खट्! पंखा थांबला, बल्ब विझला. नागसेनचा जीव भांड्यात पडला.

"बघा सर, आता इन्व्हर्टरही—"

"मेन स्विचच बंद केलं बापा!" ओट्यावरून सिंधूताईंचा खणखणीत आवाज आला. "आता बोल बिनधास्त!"

सर बराच वेळ खोकत होते. हसू दाबत असावेत.

"नागसेन, काम फक्कड आहे. पसंत पडलं. फक्त सोमवारपासून इथे ऑफिसात येऊन बसा. इथे जनरेटर आहे."

नागसेनने कपाळावर हात मारून घेतला. सिंधूताई मात्र हरखून शेजारच्या पुष्पाबाईंना सांगत होत्या, "पाह्य व माय, आमच्या घरची लाईट गेलेली साहेबाले पाहवली नाही. पोराले जवळ बोलावून घेतलं!"