कानसेनांची वही

आता स्पीकर बदलावेत असं एखाद्याला वाटलं, तर त्यात वाईट काही नाही. लोक चष्मे बदलतात, नोकऱ्या बदलतात. पण आमच्या कानसेनांना जे स्पीकर बदलायचे होते ते त्यांच्या सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बनवलेले होते आणि सासरे चांगले धडधाकट होते. घोडं अडलं ते तिथं.

कानसेन हे त्यांचं ऑफिसातलं नाव. वजनमापं खात्यात निरीक्षक. दुकानदारांच्या तराजूतली खोट काढण्यात वीस वर्षं गेली, त्यामुळे आपल्यातही काही खोट असेल ही शंका त्यांना कधी शिवली नाही. आवाजाच्या बाबतीत तर नाहीच नाही. लिफ्टची घंटा वाजली तरी "जरा चढी लागली" म्हणणारा माणूस! (लिफ्टवाल्या कंपनीला त्यांनी तसं पत्रही लिहिलं होतं. उत्तर आलं नाही.)

सासरे सुतार. लेकीच्या लग्नात त्यांनी शिसवी लाकडाची दोन खोकी करून, आत स्पीकर बसवून दिली होती. एकोणीस वर्षं ती दिवाणखान्याच्या दोन कोपऱ्यांत उभी होती. मग कानसेनांनी एका दुकानात इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर ऐकले आणि त्यांची भूकच गेली. त्यात खोकं नसतंच मुळी. दोन जाळ्यांच्या मध्ये केसाहून पातळ पडदा ताणलेला असतो, त्याला वीज दिली की तो थरथरतो आणि गातो.

"स्पीकरला प्लग?" बायको म्हणाली. "आपले तर नुसत्या तारेवर चालतात."

"म्हणूनच ते ठोकळ्यासारखे वाजतात! अगं, खोक्यातून येतो तो खोक्याचा आवाज."

"खोकं बाबांनी केलंय."

"बाबांबद्दल मी काही बोललो का?"

"मग बाबांना तुम्हीच सांगा. पुढच्या रविवारी यायचेत. मी नाही सांगणार."

एवढं बोलून ती शिलाई मशीनकडे वळली. ती घरी पडदे शिवून देत असे आणि मनाला लागलं की तिचं मशीन जोरात चाले. त्या दिवशी दोन पडदे जास्त झाले.

दुकानदाराने आठवडाभर ऐकून बघायला जोडी दिली. शनिवारी त्याचा माणूस आला आणि दाराएवढ्या उंच दोन काळ्या चौकटी भिंतीपासून चार फूट पुढे उभ्या करून गेला. आता दिवाणखान्यात शिरायचं तर अंग चोरावं लागे. जुनी खोकी मागे झाकली गेली. तुलना करता यावी म्हणून माणसाने तीही जोडलेलीच ठेवली आणि अॅम्प्लिफायरचं बटण दाखवलं. डावीकडे फिरवलं की जुने, उजवीकडे नवे, मध्ये दोन्ही. कानसेनांनी ते उजवीकडे फिरवलं आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही. बघणार कसे? एका ठरावीक जागी बसलं तरच आवाज जुळतो म्हणून त्यांनी खुर्चीच्या चारी पायांभोवती खडूने खुणा केल्या होत्या. तिथं बसायचं, मान हलवायची नाही, रिमोट दाबायचा.

शिवाय वही केली. रोज एक पान.

"रविवार: आवाज स्वच्छ, पण अंगाने रोड. अजून रुळायचा आहे."

"मंगळवार: रुळला! आवाजाला काय अंग भरलंय! व्हायोलिनवाला लाकडी खोक्यात गुदमरत होता, तो आज मोकळा झाला."

"गुरुवार: वादक डाव्या बाजूला, खिडकीपासून दोन फुटांवर बसला आहे. बोट ठेवून दाखवतो."

"शुक्रवार: आता माघार नाही."

त्याच दिवशी त्यांनी शेजारच्या औषधवाल्याला सांगून टाकलं, रविवारी संध्याकाळी खोकी घेऊन जा म्हणून. बायकोने ते ऐकलं. बोललं ते मशीन.

रविवारी सासरे आले. चहा झाला.  कानसेन तसे मनाने चांगले, म्हाताऱ्याला दुखवणं जिवावर आलं होतं. शेवटी त्यांनी सासऱ्यांना खडूच्या खुणांतल्या खुर्चीवर बसवलं आणि रिमोट दाबला.

"बाबा, राग मानू नका. फक्त ऐका. या आवाजात कुठे लाकूड जाणवतंय का?"

सासऱ्यांनी दोन मिनिटं ऐकलं. मग उठले, अंग चोरून चौकटीमागे गेले आणि उजव्या कोपऱ्यातल्या खोक्यावर तळवा ठेवला. हात लावल्याशिवाय त्यांचं कशाबद्दलच मत होत नसे.

"जावईबापू, लाकूड इथं आहे. थरथरतंय बघा."

"ते हवेमुळे हो, बाबा!"

सासऱ्यांनी चौकटीला हात लावला. "ही तर गप्प आहे." मग तिची तार धरून ते खिडकीपर्यंत गेले. दोन्ही चौकटींचा मिळून असलेला एकच प्लग जमिनीवर लोळत होता. भिंतीत शिलाई मशीनचा प्लग होता.

"अगं, हा कधी काढलास?" कानसेनांनी बायकोला विचारलं.

"मशीन लावायला. एकच तर पॉइंट आहे तिथं."

"आज सकाळी ना?"

"सोमवारी. दुपारी अॅम्प्लिफायरवर रेडिओ लावला तर आवाज येईना. ते बटण मध्ये केलं, आला. संध्याकाळी तुम्ही इतके खूश होता, म्हटलं चाललंय ते बरं चाललंय."

कानसेनांनी मनातल्या मनात सोमवारपासून दिवस मोजले. तोवर बायकोने वही बाबांच्या हातात दिली होती. सासऱ्यांनी चष्मा चढवला आणि मंगळवारपासून एकेक पान सावकाश वाचलं. वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्या कामाबद्दल एवढं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं हो," ते म्हणाले.

 कानसेनांना लाज वाटली आणि बरंही वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे औषधवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून कळवलं. फोन ठेवला तेव्हा स्वारी पुन्हा रंगात आली होती.

"नाव चुकलं असेल, पण गुण ओळखला की नाही? कान म्हणजे कान!"

सासरे एव्हाना डाव्या कोपऱ्यात पोचले होते. त्यांनी दुसऱ्या खोक्यावर तळवा ठेवला, मग कान लावला. मग मागे हात घालून एक सुटलेली तार बाहेर ओढली. तिच्या टोकाला भिंतीचा रंग वाळून बसला होता.

"घराला रंग कधी दिलात?"

"चार वर्षं झाली," बायको म्हणाली.

सासऱ्यांनी वही पुन्हा उघडली आणि गुरुवारचं पान काढलं.

"जावईबापू," ते अगदी मायेने म्हणाले, "हा डाव्या बाजूला बसलेला वादक चार वर्षांपूर्वीच उठून गेलाय."