दातेकाकांची लाल पेन्सिल

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतले दातेकाका दुसऱ्याचा कोड लाल पेन्सिलीने तपासतात. त्यांना प्रोग्रामिंग येत नाही, आणि त्याने काही अडतं असं त्यांना वाटतही नाही.

मी पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवणारा एक प्रोग्राम लिहिला आहे. कोड सगळ्यांना खुला. कुठल्याही सोसायटीने घ्यावा, वापरावा. काकांनी तो छापून घेतला आणि शब्दाशब्दाभोवती गोल काढले. ट्रेडमार्कच्या वकिलाकडे कारकुनी करण्यात त्यांची हयात गेली होती.

"हा 'पंप' कोणाचा?"

"अहो काका, सोसायटीचा."

"शब्द कोणाचा, विचारतोय. कोणाचा नाही? मग तसं लिहून द्या."

मी हसलो. महिन्याभरात एका कंपनीची नोटीस आली. टाकी दर पाच मिनिटांनी जो निरोप धाडते, त्याला मी चारचौघांसारखं 'पल्स' म्हटलं होतं. तो शब्द त्यांच्या नावावर नोंदवलेला निघाला. बदला, नाहीतर प्रोग्राम काढून टाका! दोन वर्षांची मेहनत होती. मी काकांकडे धावलो.

"शब्द सगळ्यांचाच," काका म्हणाले, "पण ट्रेडमार्क मालाच्या वर्गावार नोंदवतात, आणि सॉफ्टवेअरच्या वर्गात तो त्यांचा. छत्र्यांच्या वर्गात बघा, मोकळा असेल."

"मला छत्र्या नाही विकायच्या!"

"मग लढा. जिंकालही कदाचित. वेळ आहे?"

तीन दिवसांनी काका चिठ्ठी घेऊन आले. तिच्यावर 'पल्स'च्या जागी घालायला एकच शब्द होता, 'मालती'.

"काका, निरोप चुकला तर स्क्रीनवर 'मालती आली नाही' असं दिसेल!"

"दिसू दे. या वर्गात मोकळं आहे. तपासलंय मी."

मग ते खुर्चीत टेकले आणि सांगू लागले. तरुणपणी ते एका बाईंच्या दुकानात नोटीस घेऊन गेले होते. मालतीबाई स्वतःच्याच नावाने मेतकूट विकायच्या, आणि ते नाव कुणा कारखानदाराने आधीच नोंदवलं होतं. बाईंनी काकांच्या समोर स्टुलावर चढून पाटी उतरवली.

"आणि खाली येऊन मला म्हणाल्या, उन्हातून आलात, पाणी घेता का?" काकांनी खिशातली लाल पेन्सिल चाचपली. "चाळीस वर्षं झाली हो."

मी तिथल्या तिथे सगळीकडे 'मालती' करून टाकलं.

"आता हे कोणीही वापरेल?" काकांनी विचारलं.

"कोणीही."

"पाटी उतरवायला कोणी लावणार नाही ना?"

वर्ग, नोंदणी, हक्क, यातलं मला तेव्हाही काही कळलं नव्हतं, अजूनही कळलेलं नाही. तरी मी "नाही" म्हणालो.

"लिहून द्या," काका म्हणाले.

मी लिहून दिलं. माझ्या त्या कागदाला काडीची किंमत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण त्यांनी तो दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि खिशात लाल पेन्सिलीशेजारी जपून ठेवला.